श्री सातेरीदेवीच्या नावे, बिल नंबर एक

नाही, पण तुम्हीच मला सांगा, देवीचा पिनकोड काय टाकायचा? … हसू नका! मलापण आधी हसावंसंच वाटलं होतं, पण समोर कॉम्प्युटर, कॉम्प्युटरवर लाल चौकट, चौकटीत 'पिनकोड आवश्यक आहे', पाठीमागे श्यामकांतकाका हळदकुंकवाची वाटी घेऊन उभे, खाली टेम्पोवाला हॉर्न मारतोय, आणि खुर्चीत मी! मी म्हणजे कोण, तर मागून कुणी नुसतं 'इरावती' म्हटलं तरी वीतभर उडणारी मुलगी. स्टेपलर वाजला की दचकते. ओटीपी आला की दचकते, मीच मागवलेला असतो तरी! आणि मला विचारतायत देवीचा पिनकोड. तुम्हाला सांगते, एम.कॉम. केलंय मी, फर्स्ट क्लास, इनडायरेक्ट टॅक्सला तर वर्गात दुसरी, पण हे… हे आम्हाला सिलॅबसला नव्हतं हो!

थांबा, नीट सांगते. नीट म्हणजे माझ्या परीने.

श्यामकांतकाका म्हणजे माझे सख्खे काका नव्हेत. मुलुंडला आमच्या समोरच्या दारात राहतात, केरकर. घाटकोपरला, असल्फ्याच्या पुढे, त्यांचा गाळा आहे, 'केरकर रबर वर्क्स'. तिथे बनतं काय? बुचं. खुर्चीच्या, बाकाच्या लोखंडी पायात बसवतात ना ती काळी रबरी बुचं, खुर्ची सरकवली की कर्रर्र होऊ नये म्हणून, ती. तुम्ही आत्ता बसलाय त्या खुर्चीखाली बघा… नाही नाही, खरंच वाकू नका, कुणीतरी पडेल आणि ते पण माझ्याच नावावर जाईल!

तर एम.कॉम. झाल्यावर आई म्हणाली, "लांब कुठे जातेस अंधेरीला नि बीकेसीला, समोर काकांचा हिशेब बघायला कोणी नाहीये, त्यांचे जुने हिशेबनीस भाऊ रिटायर होऊन गावी गेलेत. घरचीच माणसं आहेत." आता घरच्या माणसांकडची नोकरी म्हणजे काय सांगू… राजीनामा द्यायचा तर चपला न घालता देता येतो, समोरच दार, पण दुसऱ्या दिवशी विरजण कुणाकडे मागणार?

तर आर्थिक वर्षाचा पहिला दिवस. मी ताजी ताजी. नवीन सॉफ्टवेअर, नवीन माऊस, माऊसपॅडवर मांजराचं चित्र. आणि वर्षाचा पहिला माल निघणार वसईला. वसईचे एक बाकवाले आहेत, शाळांची बाकं बनवतात, आणि बाकांची बुचं केरकरांची. ह्या सीझनची सगळीच्या सगळी ऑर्डर त्यांची. बाकं जूनच्या आत शाळांत गेली पाहिजेत, म्हणजे बुचं त्याआधी. ही एक ऑर्डर नीट गेली तर गाळ्याचं वर्ष निघतं, तिथल्या पॅकिंगच्या बायकांचं निघतं, आणि अर्थात माझंही. सोप्पं काम होतं. टेम्पो भरलाय, बिल काढायचं, ड्रायव्हरच्या हातात द्यायचं, चहा प्यायचा. मी टाइप करायला घेतलं, 'बिल नंबर १', आणि मागून…

"इरावती! काय करतेस गो तू हे?"

उडाले. मांजरासकट.

"काका, व… वसईचं बिल."

"एक नंबरचं बिल वसईला? अगो, एक नंबरचं बिल देवीचं! आमच्या आज्यापासून चालत आलंय. वर्षाचं पहिलं बिल श्री सातेरीच्या नावाने फाडायचं, एक वस्तू, सव्वा रुपया, त्याला हळदकुंकू, आणि मग दोन नंबरपासून जग."

मी म्हटलं छान आहे की. खरंच, मनापासून सांगते, मला आवडलं. देवी गिऱ्हाईक! मी म्हटलं, "काका, मी एक सुंदर कोरा कागद घेते, त्यावर…"

"कोरा कागद? देवीला कच्चं बिल देणार तू?"

आता कच्चं-पक्कं म्हणजे काय ते तुम्हाला सांगते, कंटाळू नका, दोन वाक्यांत सांगते. जीएसटीत आमच्यासारख्यांना दुसऱ्या धंदेवाल्याचं बिल नुसतं आपलं आपण छापून चालत नाही. ते सरकारच्या पोर्टलवर पाठवायचं, पोर्टल त्याला हा एवढा लांबलचक नंबर देतं आणि एक क्यूआर कोड देतं. तो आला की ते बिल, नाही आला तर रद्दी. आणि हा क्यूआर कोड काकांच्या मनात भरलेला. त्याला ते क्यूआर कोड म्हणतच नाहीत, 'चौकोनी रांगोळी' म्हणतात. "वसईच्या बाकवाल्याच्या बिलावर चौकोनी रांगोळी, आणि देवीच्या बिलावर काही नाही? बरं दिसतं ते?"

इकडे टेम्पोवाला, "मॅडम, पूल पे जाम लग जायेगा, दो ना बिल!" आणि दोन नंबरचं बिल एक नंबर निघाल्याशिवाय निघणार नाही. म्हणून मी 'नवीन ग्राहक' वर क्लिक केलं. नाव: श्री सातेरीदेवी. मोबाइल नंबर. … मोबाइल नंबर! तो टाकल्याशिवाय पुढे जातच नाही हो! मग सुनंदाकाकूंचा टाकला, म्हटलं देवीच्या वतीने कुणीतरी सवाष्ण असावी. तिकडे मुलुंडला काकूंच्या फोनवर मेसेज गेला, 'प्रिय श्री सातेरीदेवी, आमच्या परिवारात आपले स्वागत आहे.' काकू कुकर लावत होत्या. त्यांनी फोनला नमस्कार केला, मग काकांना फोन केला, "अहो, मला कसंतरीच होतंय."

आणि मग तो पिनकोड. आणि राज्य. राज्य कुठलं? देवीचं देऊळ गोव्यात, कुळणे गावात. गोवा म्हणजे परराज्य, म्हणजे कर आयजीएसटी. पण काकांच्या देव्हाऱ्यात पण तीच देवी आहे, मुलुंडला, म्हणजे महाराष्ट्र, म्हणजे अर्धा कर केंद्राचा, अर्धा राज्याचा. मी विचारलं, "काका, देवी नक्की राहते कुठे?"

काका म्हणाले, "ती सगळीकडे आहे."

सगळीकडे! ड्रॉपडाउनमध्ये एकेक राज्य आहे, केंद्रशासित प्रदेश आहेत, लक्षद्वीपसुद्धा आहे. सगळीकडे नाहीये!

मी हर्षदभाईंना फोन लावला. हर्षदभाई आमचे सीए, बोरीवलीला बसतात. फोन उचलल्यावर हॅलो म्हणत नाहीत, "ड्यू डेट मालूम है ना?" म्हणतात. मी हळू आवाजात विचारलं, "हर्षदभाई, माल देवीला दिला तर प्लेस ऑफ सप्लाय काय धरायची?"

"देवी कौन? देवी प्लास्टिक? देवी ट्रेडर्स?"

"नाही हो… देवी. देवी देवी."

पलीकडे चहाचा कप खाली ठेवल्याचा आवाज आला. मग, "बेन, पोर्टल में सर्वव्यापी का कॉलम नहीं है. और क्यूआर कोड चाहिये तो पार्टी का जीएसटी नंबर लगेगा. माताजी के पास नंबर है क्या? नहीं है ना? तो छोड़ दो," आणि ठेवला फोन.

मी इतकी सुटले! म्हटलं, "काका, आपला अगदी नाइलाज आहे, देवीकडे जीएसटी नंबर नाही."

आणि काका हसले. असे हळूच हसले, खिशातून पाकीट काढलं, पाकिटातून चार घड्यांचा कागद काढला. गेल्या वर्षी सगळे देवीला गेले होते, तिथल्या ट्रस्टच्या भक्तनिवासात एसी खोली घेतली होती, त्याची पावती. आणि पावतीच्या डोक्यावर, नारळाच्या चित्राखाली, जीएसटी नंबर. "तीसने सुरू होतो बघ. तीस म्हणजे गोवा ना गो?"

तीस म्हणजे गोवाच हो. वर्गात दुसरी आलेय मी.

नंबर टाकला. आणि तुम्हाला सांगते, तो टाकल्याबरोबर सॉफ्टवेअरने आपोआप सगळं भरलं, ट्रस्टचं पूर्ण नाव, देऊळवाडा, गाव कुळणे, तालुका, पिनकोड, सगळं! काकांनी पायातले बूट काढले. तिथेच, गाळ्यात. "बघितलंस? आपण नुसता नंबर घातला, पत्ता तिने दिला."

मग सव्वा रुपया. एक बूच, सव्वा रुपया, वर अठरा टक्के कर, झाले एक अठ्ठेचाळीस. काका म्हणाले, "सव्वा म्हणजे सव्वा. देवीच्या पुढ्यात अठ्ठेचाळीस कसले?" मग मी उलटं गणित केलं. एक रुपया सहा पैसे बूच आणि एकोणीस पैसे आयजीएसटी, बरोब्बर सव्वा. एकोणीस पैशांत चूक झाली तर ती कुणाच्या माथी बसेल हे मला माहीत होतं. आणि हे… सांगा ना, कुठल्या पेपरात होतं हे? सिलॅबसला नव्हतं हो!

सबमिट केलं. डोळे मिटूनच केलं. आणि आली, चौकोनी रांगोळी! काकांनी त्यावर हळद वाहिली, कुंकू वाहिलं, थोडं मॉनिटरवर वाहिलं, थोडं मांजरावर. दोन नंबरचं बिल निघालं, टेम्पो सुटला, शकुताईंनी सगळ्यांना पेढे वाटले. शकुताई म्हणजे पॅकिंगच्या बायकांच्या म्होरक्या, मालवणच्या, आवाज असा की मशीन चालू असताना पण ऐकू येतो. मी पेढा खाल्ला आणि मनात म्हटलं, झालं बाई एकदाचं.

झालं? असं होतं का कधी माझ्या बाबतीत?

आता पोर्टलवर एक नवी सोय आली आहे. कुणी सुचवली तो मला एकदा भेटू दे… नाही, नकोच भेटू दे, मी घाबरेन. सोय अशी, की तुम्ही ज्याच्या नावाने बिल काढलंत त्याला ते त्याच्या पोर्टलवर दिसतं. आणि तो बटण दाबून कळवतो, हे बिल मला मान्य आहे, किंवा अमान्य आहे. आणि त्याने काय दाबलं ते तुम्हाला इकडे दिसतं. काकांना हे मीच सांगितलं. माझी हौस! त्या दिवसापासून रोज सकाळी गाळ्यात आले की आधी माझ्या टेबलापाशी. "पोचलं का गो देवीला?"

"पोचलं असेल काका."

"असेल नको. बघ."

एका सकाळी बघितलं. आणि बघितल्यावर मी किंचाळले. फार मोठ्याने नाही, पण मशीन चालू असून शकुताईंनी वळून बघितलं एवढ्याने. बिल नंबर एक. ग्राहक: श्री सातेरीदेवी देवस्थान ट्रस्ट. आणि पुढे… रिजेक्टेड.

देवीने आमचं बिल नाकारलं!

मी पटकन स्क्रीन बंद केली, पण काका मागेच होते. ते मागेच असतात हो! स्टुलावर बसले. आता तुम्ही म्हणाल, एवढं काय, एका बुचाचं बिल नाकारलं तर नाकारलं. पण तुम्हाला माहीत नाही, गोव्यात ह्यांच्याकडे देवीला कौल लावतात. मूर्तीला फुलाच्या पाकळ्या ओल्या करून चिकटवायच्या, मनातलं विचारायचं आणि बघत बसायचं. उजवीकडची पडली तर देवी हो म्हणाली. डावीकडची पडली तर… ते काम करायचंच नाही. काकांच्या वडिलांनी हा गाळा कौल घेऊन घेतला. काकांनी काकूंशी लग्न कौल घेऊन केलं. आणि आता बटणं किती? दोन. उजवं, डावं.

"डावीकडून पडला," काका म्हणाले. "पहिल्यांदा डावीकडून पडला कौल."

"काका, हा कौल नाहीये, हा स्टेटस आहे…"

"मशीन बंद करा."

"काका, वसईचा अर्धा माल जायचाय!"

"देवी नाही म्हणते आणि मी माल काढू? ह्या वर्षी काहीतरी वाईट आहे बघ. गाळा बंद. लावा कुलूप."

मशीन बंद झालं, आणि त्या गाळ्यात मी पहिल्यांदाच शांतता ऐकली. शकुताई माझ्याकडे आल्या, हातात तसंच अर्धं भरलेलं पोतं. "इराताय, आमी काय करूचा आता? घराक जावचा?" आणि बाकी सगळ्या बायका माझ्याकडे बघतायत. काकांकडे नाही हं, माझ्याकडे! जशी काही पाकळी मीच ढकलली. आणि नेमका तेव्हाच वसईचा फोन. "मॅडम, उद्या माल पोचला नाही तर सांगा, आम्ही भिवंडीहून उचलतो. बाकं थांबणार नाहीत."

मी हर्षदभाईंना फोन लावला. सगळं सांगितलं. तर म्हणाले, "बेन, भाऊ हर साल माताजी का बिल पुराने बिलबुक में लिखते थे, शुभ लाभ का कागज था वो. आपने सच्ची में अपलोड कर दिया?" आणि मग हसायलाच लागले. बोरीवलीच्या आख्ख्या ऑफिसला सांगून हसले, ऐकू येत होतं मला. मग गंभीर होऊन म्हणाले, "उनका रिटर्न भरने से पहले वो लोग रिजेक्ट का अ‍ॅक्सेप्ट कर सकते हैं. बात करो."

कुणाशी? देवस्थानाशी. फोनवरून! मला पिझ्झा मागवायचा असला तरी मी आधी काय बोलायचं ते कागदावर लिहून घेते. लिहिलं. 'नमस्कार, मी मुंबईहून बोलतेय, देवीच्या नावाने आम्ही एक बिल काढलं होतं.' पावतीवरचा नंबर लावला. पलीकडे सदानंद गावकर, देवस्थानाचा हिशेब तेच बघतात. आवाज असा, की दुपारचं जेवून नुकतेच आडवे झालेत.

"कोण गो?"

मी कागद वाचला. आख्खा. स्वल्पविरामांसकट.

"हां! ते बुचाचं बिल तुमचं काय?" गावकर उठून बसले, मला फोनवर कळलं. "अगो बाय, आमी बूच मागवलं न्हय, बूच आलं न्हय, आणि बिल आलं! देवस्थानाच्या नावाने कायतरी फसवाफसवी म्हणून मी नाकारलं. बरोबर केलं न्हय?"

आता काय सांगू? बरोबरच केलं होतं हो! शंभर टक्के बरोबर! माल मिळाला नसेल तर बिल नाकारायचं, हे तर सिलॅबसला होतं! मी त्यांना सगळं सांगितलं, आज्यापासून, हळदकुंकवापासून, चौकोनी रांगोळीपर्यंत. म्हटलं, "गावकरकाका, नुसतं बटण दाबा ना, मान्य म्हणून. सव्वा रुपयाचा तर प्रश्न आहे."

"सव्वा रुपयाचा न्हय गो. देवीच्या लॉगिनवरून मी खोटं दाबू? मला वर्षभर तिच्या समोर बसायचं असतं."

आणि तुम्हाला सांगते, मला एवढी लाज वाटली! म्हणजे आम्ही देवीला बिल दिलं, आणि वस्तू द्यायचं कुणाच्या डोक्यातच नाही. तीन पिढ्या! तीन पिढ्या बिल फाडतायत आणि एक बूच नाही पोचवलं!

मी विचारलं, "पाठवलं तर घ्याल?"

"घेईन. पण एक? अगो, खुर्चीला पाय चार. एका बुचाचं मी करू काय? वापर दाखवायला नको?"

घ्या! मी काकांना सांगितलं, चार पाठवू. तर म्हणाले, बिलात एक आहे, चार कशी जातील? जास्तीच्या तीनचं बिल कुठे? मी म्हटलं, तीन फुकट पाठवू. काका म्हणाले, "देवीला फुकट? भीक आहे काय ती?" हे चाललंय, शकुताई पोत्यावर बसल्यायत, फोन स्पीकरवर आहे, आणि गावकर पलीकडून सगळं ऐकतायत. आणि मधेच म्हणाले, "राव गो. थांब. देणगीच्या काउंटरचं स्टूल हाय. एका पायाने डुगडुगतं. मी खाली पुठ्ठा घालतो, तो रोज सरकतो. माप काय तुझ्या बुचाचं?"

"बावीस एमएम."

"मोजतो."

गावकर गेले मोजायला. आख्खा गाळा फोनभोवती गोळा. फोनमधून देवळाची घंटा ऐकू येतेय, कुणीतरी कुणाला तरी सोवळ्यात शिवू नको म्हणतंय, मग लोखंडी काहीतरी उलटं पडल्याचा आवाज. काका हात जोडून उभे. मी पण जोडले. मी आयुष्यात कुठल्या रिझल्टला एवढी घाबरले नव्हते.

"बावीस," गावकर म्हणाले.

ओरडल्या हो सगळ्या! शकुताईंनी तर मला उचललंच. मी दचकले ते वेगळं.

ते बूच काकूंनी खणात गुंडाळलं, वर सुपारी, वर अक्षता, आणि कुरिअरवाल्याकडे मी स्वतः घेऊन गेले. कुरिअरवाला म्हणाला, "अंदर क्या है?" मी म्हटलं, रबर का बूच. "व्हॅल्यू?" सव्वा रुपया. "मॅडम, कुरिअर का चार्ज इससे सौ गुना ज्यादा है." म्हटलं, "माहीत आहे हो दादा, तुम्ही काही बोलू नका, मला रडायला येईल." आणि तिकडे वसईवाल्यांच्या मी फोनवर पाया पडले. अक्षरशः, फोन टेबलावर ठेवून. ते म्हणाले, ठीक आहे, पार्सल गोव्याला पोचेपर्यंत थांबतो, पुढे नाही.

पार्सल पोचलं त्या दिवशी परत फोन स्पीकरवर. गावकरांनी खण सोडला, सुपारी देवीपुढे ठेवली, बूच स्टुलाच्या पायात घातलं. मग म्हणाले, "बसतो." आम्ही श्वास धरून. स्टूल करकरलं… मग काहीच नाही. मग पुन्हा काहीच नाही.

"गावकरकाका? डुगडुगतंय का?"

"ना गो. डोंगरासारखं बसलंय. दाबतो बटण."

मी पोर्टल उघडलं. एकदा बघितलं, तसंच. पुन्हा बघितलं, तसंच. मग बघितलं आणि… अ‍ॅक्सेप्टेड! काकांनी परत बूट काढले. मशीन सुरू झालं, वसईचा माल चढला, टेम्पोवाला आनंदाने उगाच हॉर्न मारत बसला. आणि काका मला म्हणतात कसे, "कळलं ना तुला? एकाच पायाने डुगडुगत होतं तिचं स्टूल. आपण एकच बूच बिलात लिहिलं. तिनेच लिहून घेतलं. नाही म्हणाली ती बिलाला नाही गो, वस्तू दे म्हणाली!"

आणि मला खरं सांगू? मी गुपचूप मॉनिटरला हात जोडले. अजून जोडते.

इथे संपायला हवं होतं ना? गोड संपलं असतं. पण नाही! आता काकांना काय कळलं, तर गोव्याला न जाता कौल लागतो. घाटकोपरहून! दुसऱ्या आठवड्यात म्हणाले, "इरावती, देवीच्या नावे एक बूच बिल कर. शेजारचा गाळा घ्यावा की नाही, विचारायचंय." मी म्हटलं, काका, असं नसतं. ते म्हणाले, "वस्तू देतोय की! खरी वस्तू, खरा कर, खरी रांगोळी. कायद्याने काय चुकलं?" मी हर्षदभाईंना विचारलं. हर्षदभाईंनी कायद्याचं पुस्तक चाळलं, मग म्हणाले, "चुकलं… कुछ भी नहीं," आणि मग आवाज खाली आणून, "बेन, एक मेरे लिये भी डाल दो ना. लडके का सीए फायनल है."

आता रोज! काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन, एक बूच. शकुताईंच्या मुलीचं सासर, एक बूच. वसईचे बाकवाले, हो, ते पण, "मॅडम, जमिनीचं एक विचारायचं होतं," एक बूच! बिलांच्या संख्येत देवी आमची सगळ्यात मोठी पार्टी झालीय. परवा गावकरांचा फोन, "बाय, आता इथे काय डुगडुगत नाही गो! स्टुलं संपलीं, बाकं संपलीं, भटजींच्या काठीला पण घातलं. मी आता मान्य-अमान्य करायचं कशावरून?" मी म्हटलं, "गावकरकाका, ते मला विचारू नका, हे खरंच सिलॅबसला नव्हतं!"

आणि आता तुम्हाला एक सांगते, पण इथल्या इथेच ठेवा, आईला कळता कामा नये. गेल्या आठवड्यात सगळे जेवायला गेल्यावर मी पण एक काढलं. माझ्या पैशाने. एक बूच, सव्वा रुपया, करासकट. मनात विचारलं, ही नोकरी सोडू का? … आणि रोज बघतेय. हो म्हणाली तर काकांना काय सांगू, नाही म्हणाली तर स्वतःला काय सांगू. आज सकाळी शेवटी उत्तर आलं. तर तुम्हाला माहीत आहे का, त्या पोर्टलवर तिसरंही एक बटण आहे. मान्य नाही, अमान्य नाही, 'पेंडिंग'. गावकरांनी ते दाबलंय. म्हणजे देवी म्हणतेय, बघू. … आता देवीच बघू म्हणतेय तर मी कोण? चला, निघते मी, काकांचं बिल काढायचंय.